बारा वाजायच्या आत

आईनं वाटीभर खोबरेल माझ्या डोक्यावर ओतलं आणि दोन्ही हातांनी असं थापायला सुरुवात केली की ओघळ कपाळावरून भुवयांत उतरले.

“आई, पुरे! आपण फिरायला चाललोय.”

“मान सरळ ठेव.”

“कालच केस धुतलेत मी. आत्यानं मुद्दाम शिकेकाई उकळून दिली होती.”

“माहीत आहे,” आई म्हणाली आणि उरलंसुरलं तेलही निपटून माझ्या कानशिलांना लावलं. मग दोन वेण्या. शाळेत असताना घालायची तशा, घट्ट, वर दुमडून लाल रिबिनीत बांधलेल्या. मी आरशात बघितलं आणि मला रडूच यायला लागलं. अठरा पूर्ण होऊन दीड महिना झाला होता मला, आणि आरशातली मुलगी आठवीत नापास झालेली वाटत होती.

हे हैदराबादला, काचीगुड्यातल्या माझ्या आत्याच्या घरी. साल अठ्ठ्याऐंशी, मे महिना. बारावीची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते, निकाल जूनमध्ये लागायचा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, एक दिवस ऑफिसातून आले आणि म्हणाले, “पोरीनं दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलाय. तिला चारमिनार दाखवू, सालारजंग म्युझियम दाखवू.” आम्ही नांदेडचे. लग्नकार्याशिवाय कधी कुठं गेलेलो नव्हतो. मी आनंदानं दोन रात्री झोपले नव्हते. आई मात्र त्या दिवसापासून घरात कुणाशी धड बोलत नव्हती. भांडी आपटायची, अण्णांना उलटून बोलायची. तिला प्रवासाचा त्रास होतो, म्हणून असेल, असं मला वाटायचं.

आत्या आत आली. गोदावरी तिचं नाव, सगळे गोदाताई म्हणत. अण्णांहून नऊ वर्षांनी मोठी, आईविना पोरक्या भावाला तिनंच वाढवलं होतं. अण्णा तिच्या शब्दाबाहेर नव्हते.

“अगं बाई, हे काय ध्यान करून ठेवलंस निर्मला?” ती आईला म्हणाली. “आणि माझी जांभळी जॉर्जेट कुठंय? काल इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती वैजूसाठी.”

“भिजवली.”

“भिजवली?”

“डाग दिसला, वन्सं. म्हणून पहाटेच बादलीत टाकली.”

आत्या मोरीकडं गेली. बादलीत जांभळी साडी साबणाच्या पाण्यात बुडून पडली होती. आत्यानं अण्णांना हाक मारली. “प्रल्हाद, बघ रे बाबा तुझ्या बायकोचं काम.”

अण्णा दाढी अर्धी टाकून आले. त्यांनी बादलीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांचा आवाज कधी चढत नसे. “जाऊ दे ताई,” ते म्हणाले. “चेहरा काही बादलीत भिजत नाही.” आणि परत दाढीला गेले.

मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. मला एवढंच कळत होतं, की ती साडी मी काल रात्री अंगावर लावून बघितली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःकडं बघावंसं वाटलं होतं. आईनं ट्रंकेतून माझा तपकिरी पंजाबी ड्रेस काढला. बाह्या तोकड्या झालेला, काखेत उसवून शिवलेला.

“हा घाल.”

“मी नाही घालत.”

“मग घरी बस. मीही बसते तुझ्याजवळ.”

मी घातला. घरी बसायला मी हैदराबादला आले नव्हते.

---

चारमिनारच्या पायथ्याशी बसमधून उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि ऊन चटके द्यायला लागलं होतं. पण लाड बाजारात शिरलो आणि मी सगळं विसरले. दोन्ही बाजूंना बांगड्याच बांगड्या. लाखेच्या, खड्यांच्या, आरशाच्या. एकेका दुकानात भिंत दिसत नव्हती. दुकानदार नुकती दुकानं उघडून पाण्याचा सडा मारत होते. एका ठिकाणी एक म्हातारे मियाँ शेगडीतल्या निखाऱ्यावर लाख मऊ करून हाताच्या हातात तिची बांगडी वळत होते आणि चिमट्यानं एकेक खडा बसवत होते. मी तिथंच उभी राहिले.

“बघायची हौस आहे पोरीला,” आत्या कौतुकानं म्हणाली. “घाल गं, घालून बघ. हिरव्या नको, ह्या गुलाबी बघू.”

मियाँनी माझा हात धरला, अंगठ्याखालचं हाड दाबलं आणि बोलता बोलता चार बांगड्या सरकवल्या. कळलंसुद्धा नाही मला. आत्यानं दुसरा हात पुढं करायला लावला. दोन्ही मनगटं झगमगायला लागली. मी हात वर करून उन्हात फिरवले. आत्या अण्णांना म्हणाली, “बघ, हातच कसे दिसतात. गोरी नसली तरी काय झालं, हाडापेरानं चांगली आहे.”

तेवढ्यात मागून आई आली. तिनं माझा उजवा हात धरला आणि बांगड्या ओढायला लागली.

“आई, काय करतेस?”

“काढ.”

“दुखतंय!”

“अम्मा, आहिस्ता,” मियाँ घाबरून म्हणाले. “बच्ची का हाथ छिल जाता. मैं निकालतूँ ना.”

पण ती थांबली नाही. एक बांगडी तडकली, तिची कड अंगठ्यापाशी घासली आणि रक्ताची बारीक रेघ उमटली. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. बुरखा घेतलेली एक बाई आपल्या मुलीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी माझ्या वेण्यांकडं बघून हसल्या.

“निर्मला, लाज वाटू दे जरा,” आत्या दात आवळून म्हणाली. “भर बाजारात तमाशा मांडलास. मी देत होते ना तिला? तुझ्याकडं कुणी मागितलं होतं का?”

“तुम्ही द्यायला लागलात की मला भीती वाटते, वन्सं,” आई म्हणाली.

अण्णांनी मियाँना तडकलेल्या बांगडीचे पैसे देऊन टाकले. आईकडं न बघता ते म्हणाले, “तू एक अक्षर बोलणार नाहीस, असं ठरलंय आपलं.”

“मी कुठं बोलले?” आई म्हणाली. “बांगड्या काढल्या फक्त.”

मी अंगठा तोंडात धरून उभी होते. रक्ताची चव, तेलाचा वास आणि त्या दोन बायकांचं हसू. माझ्या तोंडून निघून गेलं, “तू आलीसच कशाला? तू घरी राहिली असतीस तर किती बरं झालं असतं!”

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती माझ्या थोबाडीत देईल. पण ती वळली आणि पुढं चालायला लागली.

त्यानंतर तिनं जे सुरू केलं त्यानं मला अगदी पेटवलं. ती एका भांड्यांच्या दुकानात शिरली आणि तिनं दुकानदाराला वरच्या फळीवरची पितळी पातेली काढायला लावली. एक, दोन, सात पातेली. प्रत्येक पातेलं तिनं उलटं करून वाजवलं, बूड बघितलं, काठ बघितले. मग म्हणाली, “नको.” शेजारच्या दुकानात अत्तराच्या बाटल्या हुंगत बसली. आमच्या घरी अत्तर कुणी लावत नसे. मग तिचा पाय दुखायला लागला आणि ती मशिदीजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना.

आत्या सारखी अण्णांच्या घड्याळात बघत होती. “अकरा वाजून गेले, प्रल्हाद. बाराच्या ठोक्याला तिथं पोचायला पाहिजे.”

बाराचं मलाही माहीत होतं. आत्यानं काल रात्री सांगितलं होतं, की म्युझियममध्ये एक मोठं घड्याळ आहे. दर तासाला त्यातून एक छोटा दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि ठोके देऊन आत जातो. बाराला सगळ्यात जास्त ठोके, म्हणून बाराला सगळ्यात जास्त गर्दी. मला ते घड्याळ बघायचं होतं. आणि माझी आई मुद्दाम ते मला बघू देत नव्हती, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरली नव्हती.

अण्णा रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले. आत्या त्यांच्या मागं, भाव ठरवायला. आम्ही दोघीच पायरीपाशी राहिलो. आई एकदम उठली. पाय दुखत असल्याचं काही चिन्ह नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं.

“वैजू, माझ्याबरोबर चल. ह्या बोळातून मागच्या रस्त्याला जाता येतं. मी विचारलंय त्या भांडीवाल्याला. तिथून बस आहे स्टेशनची. दुपारची गाडी मिळते.”

“कुठली गाडी?”

“नांदेडची.”

मला वाटलं, हिला उन्हानं काहीतरी झालंय. “आपले कपडे आत्याकडं आहेत. अण्णा इथं आहेत. आणि घड्याळ?”

“घड्याळ पुन्हा कधी दाखवीन मी तुला. आत्ता चल.”

“का पण?”

“का ते विचारू नको. एकदा माझं ऐक. फक्त एकदा.”

“आधी सांग, का?”

तिनं तोंड उघडलं. तिचे ओठ हलले, गळ्याची शीर हलली, आणि तिनं तोंड मिटून घेतलं. मनगटावरची पकड मात्र घट्ट झाली. अगदी खरचटलेल्या जागी. ती मला बोळाकडं ओढायला लागली.

मी ओरडले. “आत्या! आत्या, बघ ना, आई मला कुठं नेतेय!”

आत्या धावत आली. वयाच्या मानानं ती फार चपळ होती. अण्णाही आले. आईनं माझा हात सोडला. अण्णांनी पहिल्यांदाच त्या दिवशी तिच्या दंडाला धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, “पुन्हा असं काही करशील तर परत घरात पाय ठेवू नको.”

मला जराही वाईट वाटलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

---

दोन सायकलरिक्षा केल्या. एकीत अण्णा आणि आई, दुसरीत आत्या आणि मी. वाटेत आत्यानं पर्समधून रुमाल काढून माझ्या कपाळावरचं तेल पुसलं, रिबिनी सोडल्या, दोन्ही वेण्यांची मिळून एक वेणी घातली. मग पावडरची डबी काढली.

“घड्याळ बघायला पावडर?” मी हसले.

“चार माणसांत जायचंय. कुणी विचारलं तर नीट बोल हां. मान खाली घालून. शिक्षणाचं फार बोलू नको.”

“कोण विचारणार आहे मला?”

“माणसं भेटतात की,” आत्या म्हणाली आणि माझ्या हनुवटीला धरून माझा चेहरा डावीकडं, उजवीकडं फिरवून बघितला. तिच्या हाताला चंदनाचा वास होता. मला ती फार आवडत होती.

सालारजंगच्या आत शिरल्यावर अंगाला गारवा लागला. मला प्रत्येक दालनात थांबायचं होतं. चेहऱ्यावर झिरझिरीत पदर घेतलेली एक संगमरवरी बाई होती, दगडाच्या पदराआडून तिचे डोळे, नाक, ओठ दिसत होते. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पण आत्यानं मला पुढं काढलं. “नंतर बघू. जागा मिळायची नाही.”

घड्याळापुढं अंगणात माणसं दाटीवाटीनं बसली होती. मुलं मांडीवर, म्हातारे भिंतीला टेकून. काचेआडचं घड्याळ उंच, नक्षीदार. त्यातला एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत होता. बाराला दहा कमी होते. इतक्या गर्दीत तिसऱ्या रांगेत आमच्यासाठी जागा धरलेली होती. एक धिप्पाड बाई सतरंजी अंथरून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी क्रीम रंगाच्या सफारीतला एक माणूस.

“अगं बाई, सरोजिनीबाई! तुम्ही इकडं कशा?” आत्या म्हणाली.

“आले हो, मुकुंदाला म्हटलं किती वर्षांत घड्याळ बघितलं नाही,” त्या म्हणाल्या. “ही भाची वाटतं?”

मी नमस्कार केला. मुकुंद तिशीचा असावा. कपाळ मोठं, केस मागं वळवलेले. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग रुमालानं चष्मा पुसत राहिला. सरोजिनीबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. घड्याळाशेजारचा फलक इथून वाचता येतो का, असं विचारलं. मी वाचून दाखवला. स्वयंपाकातलं काय काय येतं, विचारलं. मी सांगितलं. दात दुखतात का कधी, असंही विचारलं, आणि मी ‘नाही’ म्हणाले. हैदराबादची माणसं जरा बडबडी असतात, असं मला वाटलं. आई रांगेच्या टोकाला बसली होती, गुडघ्यांना हातांची मिठी घालून.

“एवढं पाणी आणतेस का गं?” सरोजिनीबाईंनी थर्मास पुढं केला. “तिकडं कोपऱ्यात नळ आहे.”

मी माणसांतून वाट काढत गेले, थर्मास भरला आणि परत फिरले. अंगणातली सगळी माणसं घड्याळाकडं तोंड करून बसली होती. आमच्या रांगेतली माणसं तेवढी मागं वळलेली होती. सरोजिनीबाई माझ्या पायांकडं बघत होत्या, पाऊल कसं पडतं ते. आत्या त्यांच्या तोंडाकडं बघत होती. अण्णा मुकुंदकडं बघत होते आणि मुकुंद माझ्याकडं.

थर्मास घेऊन मी तिथंच थांबले. कळायला फार वेळ लागला नाही. जांभळी साडी, पावडर, शिकेकाई. शिक्षणाचं फार बोलू नको. नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या मोठ्या मुलींना असंच कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी बारशाला दाखवून घेतलेलं मला माहीत होतं.

मी थांबले हे आईनं बघितलं. आणि ती उभी राहिली.

“वैजू, तुला माहीत होतं का गं हे?” ती मोठ्यानं म्हणाली.

“निर्मला, खाली बस,” अण्णा म्हणाले.

“नव्हतं तिला माहीत. बारावी झालीय नुसती. निकाल यायचाय. गणितात पैकीच्या पैकी पडतील, असं मास्तर सांगून गेलेत घरी येऊन. औरंगाबादला इंजिनिअरिंगला जायचंय तिला. हे सांगितलं का तुम्ही यांना, वन्सं?”

“अय अम्मा, बैठो!” मागून कुणीतरी ओरडलं. बाराला दोन मिनिटं कमी होती. “बच्चों को नहीं दिखरा!”

आई बसली नाही. “मलाही असंच दाखवलं होतं,” ती सरोजिनीबाईंना म्हणाली. “माहूरला. दर्शनाला चाललोय म्हणून नेलं. ह्याच वन्सं आल्या होत्या बघायला. माझे केस सोडून मोजले होते यांनी. मी सोळा वर्षांची होते आणि मला वाटत होतं, बाई किती मायाळू आहे.”

“बैठ जाओ ना!” आता चारी बाजूंनी आवाज यायला लागले. पहारेकरी काठी आपटत आला. “बैठो, बैठो, अम्मा.” एका माणसानं तिच्या पदराला धरून खाली ओढायचा प्रयत्न केला. आईनं पदर सोडवून घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता, केस विस्कटले होते, आणि ती माझ्याकडं बघत होती. सगळं अंगण आमच्याकडं बघत होतं. लाड बाजारातल्या त्या दोन बायकांसारखंच.

मला मागाहून पुष्कळांनी विचारलं, की त्या वेळी तुझ्या मनात काय होतं. मला मुकुंद हवा नव्हता, नकोही नव्हता. औरंगाबादसुद्धा त्या घडीला मला आठवलं नाही. मला फक्त आई हरायला हवी होती.

“आई,” मी म्हणाले, “खाली बस. लोक बघायलेत.”

तिनं ऐकलं. पहारेकऱ्याचं ऐकलं नव्हतं, अण्णांचं ऐकलं नव्हतं. माझं ऐकलं आणि ती बसली.

तेवढ्यात घड्याळातला दरवाजा उघडला, छोटा दाढीवाला बाहेर आला आणि ठोके द्यायला लागला. मुलं मोठ्यानं मोजायला लागली. एक, दो, तीन. मी माझ्या जागी येऊन बसले. थर्मास सरोजिनीबाईंच्या हातात दिला. बारा ठोके झाले, टाळ्या पडल्या, माणसं उठायला लागली.

सरोजिनीबाई हुशार होत्या. त्या आत्याला म्हणाल्या, “घरात एवढा विरोध असेल तर आम्हाला नको बाई. पण मुलीचं काय म्हणणं आहे ते कळू दे.”

सगळे माझ्याकडं वळले. अण्णांच्या कपाळावर घाम होता. आईनं मान वर केली नाही.

“मला चालतंय,” मी म्हणाले.

---

लग्न जूनच्या शेवटच्या आठवड्यात झालं. निकाल त्याच्या नऊ दिवस आधी लागला. गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. आईच कॉलेजात जाऊन गुणपत्रिका घेऊन आली. अण्णा पेढे आणायला निघाले तर म्हणाली, “कशाचे? लग्नाचे की पास झाल्याचे?” अण्णा परत खुर्चीवर बसले. पेढे आले नाहीत.

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे सांगायला हवं. राणीगंजात आमचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो कधी अंगावर धावून आला नाही. पहिल्या वर्षी मी कॉलेजचं विचारलं तर म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. मग मुलगा. पाच-सहा वर्षं तो दर जूनला ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचा, मग मी विचारायचं सोडलं. चाळिशीत घरी बसून बी.ए. केलं. बी.ए.चं प्रमाणपत्र कपाटात आहे. दुकानाचा सगळा माल आता मीच बघते आणि कुठल्या पंपाला काय लागतं ते मला कारागिरांपेक्षा जास्त कळतं, असं लोक म्हणतात. तेव्हा फार दुःखात आहे असंही नाही.

आई पुन्हा हैदराबादला आली नाही. दोन्ही बाळंतपणांना मीच नांदेडला गेले. तिनं सगळं केलं. डिंकाचे लाडू, शेक, तेल, सगळं. पण त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आत्या गेली तेव्हा आई भेटायला आली नाही, अण्णा एकटे आले. मग अण्णाही गेले.

अण्णांच्या वर्षश्राद्धाला मी नांदेडला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पंचवीस वर्षं मनात होतं ते विचारलं.

“आई, त्या बोळापाशी तू मला सांगितलं का नाहीस? बघायला येणार आहेत, एवढंच सांगायचं होतं. मी आले असते तुझ्याबरोबर.”

तिनं सूप झटकलं. “शपथ घातली होती.”

“कुणी?”

“तुझ्या अण्णांनी. आणि वन्संनी. आदल्या रात्री. तोवर मला नुसता संशय होता, नक्की त्या रात्रीच कळलं. तू झोपली होतीस. माझा हात धरून तुझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, पोरीला एक अक्षर सांगशील तर पोरीचं मेलेलं तोंड बघशील. कुणाला सांगशील, असं नाही. तुला.” ती खडा शोधत होती, तो सापडला, तिनं तो बाहेर टाकला. “म्हणून जे न बोलता करता येईल ते केलं. तेल थापलं, साडी भिजवली. तू तर आत्याच्या गळ्यात पडत होतीस.”

“पण म्युझियममध्ये तर तू बोललीस.”

“मोडली शपथ. सगळ्यांसमोर मोडली. मग वर्षभर सोमवार धरले, तुला काही होऊ नये म्हणून. तुला साधा ताप आला असं पत्रातून कळलं तरी मला वाटायचं, आलं.”

आईचे हात थांबले नव्हते.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “मी एकदा उभी राहिले की तू माझ्याजवळ येऊन उभी राहशील. दोघी उभ्या राहिलो तर कोण काय करणार होतं? सगळं अंगण ओरडत होतं, बस म्हणून. मी नव्हते बसणार, संध्याकाळपर्यंत उभी राहिले असते.”

“चुकलं माझं, आई.”

ती असं म्हणेल, की जाऊ दे, लहान होतीस, तुला काय कळत होतं. बायका म्हणतात तसं. मी वाट बघितली.

“होय,” आई म्हणाली. “चुकलं.”

आणि सूप घेऊन ती आत गेली.